उदाहरणादाखल कौशल्या

"आप लोगों ने मेरी मम्मी के हाथ देखे हैं?"

आठवी ब च्या दाराबाहेर पोछा मारणाऱ्या कौशल्याचा हात जागीच थांबला. आवाज मोनाचा होता. आत फळ्यासमोर तिची अकरावीतली मुलगी उभी होती. छातीवर 'साथी शिक्षक' लिहिलेला हिरवा बिल्ला, हातात खडू. समोरची पोरं, एरवी ज्यांचा गलबला खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतो, ती गपचिप बसली होती.

"रोज देखते हो," मोना सांगत होती. "जो आंटी हमारे बाथरूम साफ करती हैं, वही मेरी मम्मी हैं. एसिड से उनके हाथ की चमड़ी निकल जाती है. ग्लव्स नहीं मिलते. खाना मीटर रूम में खाती हैं, उलटी बाल्टी पर बैठकर. अब बताओ, ये सम्मान का काम हुआ क्या?"

पहिल्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या मुलीनं मान वळवली आणि तिला दारात कौशल्या दिसली. मग दुसरीनं पाहिलं, मग मागच्या पोरांनी. बघता बघता अख्खा वर्ग तिच्याकडे वळला. तोंडाकडे कोणी पाहत नव्हतं. सगळे तिच्या हातांकडे पाहत होते.

कौशल्यानं हात पदराखाली घेतले. मग बादली उचलली आणि जिना उतरून गेली. अर्धा व्हरांडा कोरडाच राहिला.

खाली नळाशी येऊन तिनं पोछा पिळला. पिळलेला पोछा पुन्हा पिळला. लाज वाटली असती तर बरं झालं असतं, लाज तिच्या ओळखीची होती, ती गिळता येत होती. हा राग होता आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या या खासगी शाळेत ती सफाईचं काम करत होती, ठेकेदाराच्या हाताखाली. त्याच शाळेत मोनाचं नाव घातलं तेव्हाच तिनं पोरीला बजावलं होतं, "गेटाच्या आत मी तुही आई नाही. मले हाक मारायची नाही, माह्याकडे पाहून हसायचं नाही." मोना तेव्हा रडली होती. पण कौशल्यानं ऐकलं नाही. पोरीला कोणी सफाईवालीची म्हणून वेगळ्या बाकावर बसवू नये एवढंच तिला पाहिजे होतं. पालक सभेला तेजराम, तिचा नवरा, जायचा. निकालाच्या दिवशी पोरगी पहिली आल्याचं कौशल्याला तिसऱ्या मजल्यावर झाडू मारताना लाऊडस्पीकरवरून कळायचं, आणि तिचा झाडू थोडा जोरात चालायचा, इतकंच.

यंदा शाळेत नवीन प्रकार सुरू झाला होता. रायपूरच्या कुठल्याशा संस्थेनं आणलेला. अकरावीच्या मुलांनी आठवीच्या मुलांना शिकवायचं. पुस्तकातलं नाही, तर पाणी कसं वाचवायचं, कचरा कुठे जातो, माणसाला सन्मानाचं काम कसं मिळालं पाहिजे, असलं. व्हरांड्यात रंगीत चौकोनांचे तक्ते लागले. हिरवा डबा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा. पोरं मोठ्या इमानदारीनं केळ्याची सालं हिरव्यात आणि वेफर्सच्या पिशव्या निळ्यात टाकत, आणि शाळा सुटल्यावर कौशल्या दोन्ही डबे ठेकेदाराच्या एकाच ठेल्यात उलटे करी, कारण ठेला एकच होता. पोरांसमोर ती ते कधी करत नसे. ते गेल्यावरच करत असे.

*

घर हथखोजला होतं, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, भाड्याची एक खोली आणि पुढे पत्र्याचा आडोसा. तेजरामचे वडील गोंदियाकडची शेती सोडून भिलाईत आले, स्टील प्लांटमध्ये कायम झाले, सेक्टर दोनमधल्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये जगले. ते रिटायर झाले आणि क्वार्टर गेलं. तेजरामला प्लांटची नोकरी लागली नाही. तो आता हथखोजच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डरचा हेल्पर होता.

मोना घरात शिरली तेव्हा कौशल्या कणीक मळत होती.

"कावून सांगतलं तू?" तिनं मान वर न करता विचारलं.

मोनाला कळलं. दप्तर खाली न ठेवताच ती म्हणाली, "टॉपिकच तो होता ना, मम्मी. रमा मॅम बोलल्या, किताबी नको सांगू, आसपासचं उदाहरण दे."

"आसपास तुले मीच भेटली?"

"मग कोणाचं देऊ? पापाचं? पापाचं पण देणार होते, लेकिन पीरियड संपला."

खाटेवर बसून बूट काढणारा तेजराम दचकला. "माह्यं नाव नोको घेऊ बाप्पा कुठं. शेठच्या भाच्याचा पोट्टा त्याच शाळेत आहे."

"बघ," मोना म्हणाली, "सगळ्यांना भीतीच वाटते. आणि तुला शरम वाटून राहिली, मम्मी. माझी आई सफाई करते हे मला सांगायला शरम नाही वाटत, तुलाच वाटते."

कौशल्यानं कणकेचा गोळा परातीत आपटला. "शरम कायची? मी चोरी करून राहिली का कोणाची? माह्यं काम आहे ते. पन हात माहे आहेत, मोना. ते कोणाले दाखवायचे ते मी ठरवीन. तू मले इचारलं होतं का? एक डाव तरी इचारलं? त्या पोट्ट्यांनी कसं पाहिलं मले. जशी काही मी कापून ठेवलेला बेडूक आहो तुमच्या लॅबमंदला."

मोनानं आता दप्तर खाली ठेवलं. पोळीचा पहिला धूर खोलीत पसरल्यावर ती म्हणाली, "सॉरी. विचारायला पाहिजे होतं." आणि मग, हट्टानं, "पण मी खोटं तर नाही ना बोलले?"

पोरगी खोटं बोलली नव्हती. म्हणून तिला आणखी राग आला.

*

पुढच्या आठवड्यात रमा मॅडमनी तिला प्रार्थनेच्या वेळी थांबायला सांगितलं. रमा मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका, नागपूरच्या, नवरा प्लांटमध्ये अधिकारी. शाळेत मराठी बोलणारी माणसं थोडी, म्हणून त्या कौशल्याशी मुद्दाम मराठीत बोलत. "आपल्याकडची आहे," असं त्या पाहुण्यांना तिच्याकडे बोट दाखवून सांगत, आणि कौशल्याला ते आवडायचंही.

कौशल्याला स्टेजवर बोलावलं. आठवी ब ची ती चष्मेवाली मुलगी, टीना तिचं नाव, पुढे आली. तिच्या हातात रिबीन बांधलेले गुलाबी रबरी हातमोजे होते. वर्गातल्या मुलांनी खाऊ न खाता पैसे जमवून पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून आणलेले. टीनानं ते दोन्ही हातांनी दिले, आणि अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवल्या.

"थोडं हसा, कौशल्याबाई," रमा मॅडम हळूच म्हणाल्या. "फोटो काढतायत."

कौशल्याचे ओठ हलले नाहीत. पोरांवर तिचा राग नव्हता. टीनाचे डोळे चष्म्याआड नुसते लकाकत होते, तिनं काहीतरी चांगलं केलं होतं आणि ते तिला माहीत होतं. पण ही बारा-तेरा वर्षांची लेकरं खाऊचे पैसे देतात, आणि जो भय्याजी सफाईचा ठेका घेतो तो पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो, हे पाहून तिचे दात एकमेकांवर घासले. हातमोजे ही कामाची वस्तू. ती दान म्हणून, रिबीन बांधून, माइकवरून का द्यावी लागावी?

स्टेजवरून उतरली तर शिपाई वाटच पाहत होता. "वो इधर दो. मैडम ने बोला है, प्रदर्शनी में रखना है."

त्या दिवशी तिनं उघड्या हातांनीच संडास धुतले.

दुपारी टीना नळाशी आली. "आंटी, ग्लव्स पहने?"

"मैडम के पास हैं."

"क्यों?"

"उन्हीं से पूछो."

टीना गेली नाही. तिच्या मागे वर्गातली आणखी दोन-तीन मुलं उभी होती. मोनानं त्यांना एक काम दिलं होतं: शाळेतली एक वस्तू निवडायची आणि ती कुठून येते, कोणाच्या हातातून जाते आणि शेवटी कुठे पोचते, ते शोधून काढायचं. कोणी वही घेतली होती, कोणी समोसा. या मुलांनी अॅसिडचा कॅन घेतला होता.

"मोना दीदी ने कहा है पहले आपसे पूछना," टीना म्हणाली. "आपका बताएँ कि नहीं? नाम लिखें कि नहीं? आप मना करोगी तो हम समोसा कर लेंगे."

कौशल्यानं पोछा बादलीत सोडला. या शाळेत इतकी वर्षं झाली, तिला सांगितलं खूप जणांनी होतं. इकडे ये, तिकडे जा, आधी हे कर. विचारलं कोणी नव्हतं. आपल्या पोरीनं विचारायला शिकवलं, हे तिला कळलं, आणि घशाशी आलेला राग थोडा वेळ तिथेच थांबला.

"नाम मत लिखना," ती म्हणाली. "बाकी सब लिखो."

मग ती त्यांना मीटर रूममध्ये घेऊन गेली आणि दाराआडचा पांढरा कॅन दाखवला. त्यावर नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. पुढचं पोरांनी स्वतः शोधलं. संडासाच्या मागची नाली कुठे जाते ते पाहत पोरं भिंतीच्या कडेकडेनं फिरली, आणि मैदानामागच्या बागेच्या त्या कोपऱ्यात पोचली जिथे जूनमध्ये पाहुण्यांच्या हस्ते झाडं लावली होती.

*

समारोपाच्या दिवशी हॉलमध्ये मांडव घातल्यासारखी सजावट होती. रायपूरच्या पाहुण्या बाई आल्या होत्या, शाळा समितीचे लोक आले होते, भय्याजी इस्त्रीच्या कुर्त्यात आले होते. एका टेबलावर पांढऱ्या कापडावर गुलाबी हातमोजे मांडले होते. शेजारी पाटी: 'हमारी पहल'. कौशल्या मागच्या दारात चहाच्या कपांचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे धरायचा म्हणून तिला त्या दिवशी धुतलेली साडी नेसून यायला सांगितलं होतं.

टीनाची पाळी आली. तिनं तक्ता उलगडला आणि पाठ केल्यासारखं न बोलता, घरी आईला सांगावं तसं सांगू लागली. कॅनवर नाव नाही. दुकानात सुटं मिळतं. ज्या आंटी ते टाकतात त्यांना कोणी सांगितलं नाही की किती टाकायचं. त्यांच्या हातावर जखमा होतात. ते पाणी नालीतून बागेत जातं. बागेतली नालीकाठची झाडं वाळली, पाहुण्यांनी लावलेला गुलमोहरही. "और ग्लव्स," ती म्हणाली, आणि तिनं बोट केलं, "ग्लव्स वहाँ टेबल पर हैं. आंटी के पास नहीं हैं."

सगळ्या माना त्या टेबलाकडे वळल्या. मग रायपूरच्या बाई म्हणाल्या, "व्हेरी ऑनेस्ट," आणि टाळ्या वाजवू लागल्या. सगळ्यांनी वाजवल्या. रमा मॅडमनीही, हसत. भय्याजींनी सगळ्यांत जोरात. कौशल्यानं ट्रे दोन्ही हातांनी घट्ट धरला. आपण घाबरलो की खूश झालो, तिला समजेना. मोना खिडकीपाशी उभी होती. तिनं आईकडे पाहिलं आणि नजर हटवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजी गेटावरच उभे होते.

"तू आज से मत आ. दूसरी साइट होगी तो बता देंगे."

"क्यों?"

"बच्चों को सिखा-पढ़ाकर बुलवाती है, ऊपर से पूछती है क्यों."

"मैंने कुछ नहीं सिखाया," कौशल्या म्हणाली. "स्कूल ने सिखाया."

भय्याजींनी गेटावरच्या माणसाला खूण केली आणि त्यानं छोटं दार लोटून घेतलं. आत जाणारी पोरं सायकली हातात धरून तिच्या बाजूनं जात होती. काहींनी "नमस्ते आंटी" म्हटलं.

मोनाचा बिल्ला त्याच दिवशी काढून घेतला. आठवी ब दुसऱ्या मुलाला दिली. तो पाणी बचतीवर शिकवणार होता.

*

घरी तेजराम एकच गोष्ट सांगत राहिला. "जाऊ दे. पोरीचं बारावीचं वर्ष येऊन राहिलं. आपन काही बोललो तं तिलेच भोगावं लागीन." तो वाईट माणूस नव्हता. आयुष्यभर ठेकेदारांच्या हाताखाली राहून त्याला एवढंच शिकायला मिळालं होतं.

कौशल्याला काम जाण्याची सवय होती. कामं जातात, दुसरी मिळतात, त्यात अपमान नवा नसतो. तिला जाळत होतं ते मोनाचं गप्प होणं. पोरगी शाळेतून येई, जेवे, पुस्तक उघडून बसे. वर्गात काय झालं, कोण काय बोललं, हे सगळं सांगताना जिच्या तोंडाला खीळ नसायची ती आता विचारल्यावर "काही नाही" म्हणे. एकदा ती इतकंच म्हणाली, "मी तुझं नाव घेतलं नसतं तर तुझं काम गेलं नसतं." त्या वाक्यानं कौशल्याच्या अंगाची आग आग झाली. सतरा वर्षांच्या पोरीला खरं बोलल्याचा पस्तावा व्हावा, यासाठी का ही शाळा, हे तक्ते, हे बिल्ले?

शनिवारी पालक सभा होती. तेजराम धुतलेला शर्ट घालायला लागला.

"ठेव तो," कौशल्या म्हणाली. "आज मी जाते."

तिनं आपली कोसा साडी नेसली, लग्नाकार्याला नेसायची ती. शाळेच्या गेटावर पालकांच्या रांगेत उभी राहिली. गेटावरचा माणूस तिला पाहून चपापला, पण तिच्या हातात मोनाचं ओळखपत्र होतं आणि अडवायला कारण नव्हतं.

रमा मॅडमच्या खोलीत ती गेली आणि खुर्ची ओढून बसली. या खोलीतली प्रत्येक खुर्ची तिनं पुसलेली होती. मॅडमनी कागदांतून वर पाहिलं. "कौशल्याबाई, तुम्ही? बसा ना," असं त्या म्हणाल्या तेव्हा ती बसून झाली होती.

"हे पाहा, मला फार वाईट वाटलं," मॅडम म्हणाल्या. "पण सफाईचं काम आपण बाहेर दिलंय. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, तो भय्याजींचा निर्णय. शाळा त्यात पडत नाही."

"मी त्या कामासाठी नाही आली, मॅडम. मी मोनाची आई आहो. पालक सभा आहे ना आज?"

मॅडम जरा सावरून बसल्या. "मोना हुशार आहे. प्रश्नच नाही."

"मंग तिचा वर्ग कावून काढला?"

"काढला असं नाही. थोडी विश्रांती. तिनं विषयाला वेगळंच वळण दिलं ना. आपला हेतू होता मुलांमध्ये जाणीव निर्माण करायचा."

"जाणीव तं झाली, मॅडम. लेकरं नालीच्या मागं मागं फिरली, आणखी कोणती जाणीव पाहिजे तुमाले? तिनं खोटं काय शिकवलं ते सांगा. मी तिले घरी जाऊन रागावते."

"खोटं नाही म्हणत मी. पण प्रत्येक गोष्टीची एक जागा असते, कौशल्याबाई."

"कोनती जागा?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. बाहेर दुसरे पालक खोकत होते. मग त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाल्या, "मी तुमच्याच बाजूची आहे. आपल्याकडच्या आहात तुम्ही. पण माझ्या डोक्यावर समिती आहे. मोनाच्या फीची सवलत दर वर्षी मी भांडून मंजूर करून घेते, हे तुम्हाला माहीत आहे ना? मला पुढच्या वर्षीही ते करायचंय."

कौशल्या त्यांच्याकडे पाहत राहिली. भय्याजीनं गेट लावून घेतलं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. इथे गेट लावलं जात होतं आणि वर मायेनं बोललं जात होतं. तिला वाटलं, टेबलावरचं सगळं एका हातानं लोटून द्यावं. हात टेबलाच्या कडेवर होताही. बोटं पांढरी पडेपर्यंत तिनं ती कड धरली.

"समजलं," ती म्हणाली. "सवलत काढायची असंन तं काढा. पोरगी सरकारी शाळेत शिकीन. पन तिच्या वर्गाले तुम्ही दुसरं कारन सांगतलं, की तिची परीक्षा आहे म्हणून ती येत नाही. टीनाले तसंच सांगतलं तुम्ही. तेवढं तं खरं सांगा लेकरांले. एवढंच मांगाले आली होती मी."

"कौशल्याबाई, समजून घ्या."

"घेतलं ना समजून."

ती उठली. टेबलावर काढून ठेवलेला मोनाचा निकाल तसाच राहिला आणि तिला मागे फिरून घ्यावासा वाटला नाही. व्हरांड्यात नवं कोणीतरी पोछा मारून गेलं होतं, फरशीवर पाण्याचे फराटे राहिले होते. ते ओलांडून ती जिन्याशी आली. काही मिळालं नव्हतं. मिळेल असं वाटूनही ती आली नव्हती. पण राग कमी होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही.

आठवी ब ला कोणीही खरं कारण सांगितलं नाही. मोनाची सवलतही कोणी काढली नाही. ती टांगती राहिली, आणि कौशल्याला कळलं की टांगती ठेवण्यातच तिचा उपयोग आहे.

*

महिन्याभरानं तिला हथखोजमध्येच काम मिळालं. भंगार प्लास्टिक निवडण्याचं, दिवसभर उभ्यानं. एका संध्याकाळी ती नुकतीच घरी आली होती. मोना आडोशाखाली अभ्यास करत होती. तेवढ्यात गल्लीतून एक तरुण बाई पत्ता विचारत आली. अंगावर शाळेच्या सफाईवाल्या बायांचा निळा कोट होता.

"कौशल्यामावशी तुमीच का?" असं विचारून होतंय तोच तिला खोकला आला. खोकत खोकतच ती दाराला धरून उभी राहिली. ती चंदा, आमगावकडची, लग्न होऊन भिलाईत आलेली.

"कोनं पाठोलं तुले?" कौशल्यानं विचारलं.

"कोनी नाही. मीच इचारत इचारत आली. मले समजून नाही राहिलं, मावशी. त्या कॅनमंदलं किती टाकायचं? काल डाग निघत नव्हते म्हणून मी त्यात ब्लीचिंग टाकलं, तं असा धूर निघाला, मी जिन्यावर येऊन पडली. तवापासून छाती दुखते. बाकीच्याही नव्याच, त्या म्हणतात आमाले नाही माहीत, जुनीले इचार."

"माही जागा घेतली," कौशल्या म्हणाली, "अन् आता मलेच इचाराले आली?"

चंदानं मान खाली घातली. "मले माहीत नव्हतं, मावशी. भय्याजी म्हणे जुनी बाई सोडून गेली."

"सोडून गेली."

कौशल्यानं ते दोन शब्द उच्चारले आणि तिचा चेहरा असा झाला की मोना पुस्तक ठेवून उठली. इतक्या दिवसांत सगळ्यात जास्त राग तिला आत्ता आला. काम काढून घेतलं ते घेतलं, वर तिनंच ते टाकून दिलं असं सांगितलं. आणि ही पोर, मोनाहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल नसेल, काही न सांगता त्या बंद संडासात ढकलली. हिला काही झालं असतं तर तिसरीला सांगितलं असतं, दुसरीही सोडून गेली.

चंदा पुन्हा खोकली. कौशल्यानं तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. चंदा उंबऱ्याशी खाली बसायला लागली.

"तिथं नाही. खाटेवर बस." मग ती तिच्या समोर बसली. "आइक. ते दोन्ही एका बादलीत कधी टाकायचं नाही. कधीच नाही. त्यानं मानूस मरते. आधी बादलीत पानी घ्यायचं, मंग वरून ते थोडंसं सोडायचं. दार उघडं, खिडकी उघडी. आत एकटीनं नाही जायचं, बाहेर एकीनं उभं राहायचं. म्हण आता."

चंदानं म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकली. मोनानं तिला दुरुस्त केलं, पहिल्यांदा हळू आवाजात, मग नेहमीच्या. "और ग्लव्स के बिना हात लावायचा नाही, दीदी. मागायचे. तुमचा हक्क आहे तो."

"मांगले तं काढून टाकतीन," चंदा म्हणाली.

मोना थांबली. तिनं आईकडे पाहिलं. शेडमधून वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर उडत होता.

"काढतीन," कौशल्या म्हणाली. "एकटीनं मांगलं तं काढतीनच. तुम्ही किती जनी आहा?"

"चौघी."

"बाकीच्या तिघींची घरं माहीत आहेत तुले?"

"हो. इथंच, नाल्याच्या पल्याड."

कौशल्या उठली. खुंटीवरची शाल घेतली, पायात चपला सरकवल्या. तेजराम नुकताच कामावरून येत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, चंदाच्या निळ्या कोटाकडे पाहिलं, आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पण कौशल्याच्या डोळ्यांत पाहून त्यानं ते मिटलं आणि सायकल बाजूला घेऊन वाट दिली.

"मावशी," चंदानं चाचरत विचारलं, "तुमाले माह्यावर राग तं नाही ना?"

"राग लय आहे," कौशल्या म्हणाली. "तुह्यावर नाही."

शिफ्ट सुटली होती. कारखान्यांच्या गेटांतून माणसं लोंढ्यानं बाहेर पडत होती, धुळीत सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. कौशल्या त्या गर्दीतून वाट काढत चालली. थोडं पुढे गेल्यावर तिला जाणवलं की चंदा दोन पावलं मागे राहून, मान खाली घालून तिच्यामागून येते आहे, शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बाया चालतात तशी.

ती थांबली.

"मागं मागं नोको येऊ," ती म्हणाली. "बराबरीनं चाल."